स-4 च्या नोंदी: तेल्याचा जिवाणू बाहेर काय टाकतो

7 जुलै 2025

काल एकादशी झाली. आज पहाटे आप्पांबरोबर बागेत गेले. रात्रीच पाऊस पडून गेलेला, पानं ओली. तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूचा रोग, बघायचा तर हीच वेळ. पान तोडून उजेडाकडे धरलं की ठिपका तेल सांडलेल्या कागदासारखा आरपार दिसतो, भोवती पिवळसर कडा. तेच पान वाळलं की नुसता काळा डाग उरतो, मग बुरशी की जिवाणू हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

घरची भगव्या डाळिंबाची बाग दोन एकर होती. त्यातली एक एकर तीन वर्षांपूर्वी आप्पांनी जेसीबी लावून काढली. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, आमच्या सगळ्या कसमादेत अशी काढलेली बाग शिवाराशिवारात सापडते. फळावरचा डाग वाढत जातो, साल तडकते, आणि आतले दाणे लालबुंद असले तरी व्यापारी त्या क्रेटला हात लावत नाही.

डागाळलेली बारा पानं आणि दोन कोवळ्या फांद्या घेतल्या. कागदी पिशव्यांत भरल्या. प्लास्टिकमध्ये पानाला घाम येतो आणि दोन तासांत सडणारे भलतेच जिवाणू माजतात. निघताना आप्पांनी विचारलं, "याले औषध काय शे, ते शोधी राहिनी का तू?" मी म्हटलं, औषध नाही आप्पा, हा पानाचं नेमकं काय करतो ते शोधतेय. ते मान हलवून पंपाकडे गेले. उत्तर त्यांना पुरलं नाही, हे कळत होतं.

8 जुलै

नाशिक, कॉलेजची लॅब. डागाच्या कडेचा, म्हणजे अर्धा हिरवा अर्धा तेलकट असा, दोन मिलिमीटरचा तुकडा ब्लेडने कापून पाण्याच्या थेंबात ठेवला, वर कव्हरस्लिप. मायक्रोस्कोपखाली कापलेल्या कडेतून धूर निघावा तसा लोट बाहेर पडताना दिसला. हा धूर म्हणजे जिवाणू, लाखोंनी. बुरशीच्या डागातून असा लोट येत नाही. मी वीस मिनिटं बघत बसले. आप्पांना हे एकदा दाखवायचंच.

उरलेले तुकडे एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये बुडवले, तीनदा निर्जंतुक पाण्याने धुतले, खलात वाटले आणि ग्लुकोज घातलेल्या न्यूट्रिएंट अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, रेघा ओढून स्ट्रीक केले. इन्क्युबेटर 28 अंशांवर.

12 जुलै

पिवळ्या, फुगीर, चकचकीत कॉलन्या. तेल्याच्या जिवाणूचं नाव झँथोमोनास, त्या नावातच पिवळेपणा आहे. ग्रीक झँथोस म्हणजे पिवळा. हा रंग जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यात बसलेला असतो आणि उन्हापासून त्याला सांभाळतो. पानावर दिवसभर उघड्यावर राहणाऱ्याला तो लागणारच.

तीन झाडांवरून तीन आयसोलेट, म्हणजे वेगळे केलेले जिवाणू, घेतले: स-1, स-2, स-3. स म्हणजे सटाणा. चौथा, स-4, आमच्याच बागेतला, पण दोन वर्षांपूर्वीचा. मागच्या बॅचच्या ताईने तो वेगळा केला होता आणि तेव्हापासून तो फ्रिजमध्ये स्लँटवर, म्हणजे नळीत तिरक्या गोठवलेल्या अगरवर, आहे, दर महिन्याला कोणीतरी नव्या स्लँटवर उतरवत आलंय. जुना आणि नवा शेजारी ठेवून बघू, एवढाच हेतू होता.

15 जुलै

ग्रॅम स्टेन केला, चौघे गुलाबी, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह. पण मला आवडली ती पोटॅशची चाचणी. काचपट्टीवर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, त्यात लूपभर (तारेच्या कडीभर) कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, कालवलं, दहा सेकंद घोळवलं आणि लूप हळूच वर उचलला. लाडवाच्या पाकाला तार यावी तशी तार लूपबरोबर वर आली, बोटभर लांब, मग तुटली. ही तार डीएनएची. अल्कलीने बाहेरचा पडदा फाटतो, मधली पेप्टिडोग्लायकनची जाळी इतकी पातळ की ती काही आवरू शकत नाही, आणि पोटातलं सगळं ओघळतं. जाड भिंतीच्या ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूला तेवढ्या वेळात काही होत नाही, तिथे तार येत नाही.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने आपला रंग 1884 मध्ये शोधला तेव्हा ही भिंत कशी असते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. रंग टिकला की धुतला गेला, एवढंच त्याला दिसत होतं.

22 जुलै

16एस चा, म्हणजे जिवाणू ओळखायला वाचतात त्या जीनचा, रिपोर्ट आला, चौघेही झँथोमोनास. पण 16एस वरून पॅथोव्हर, म्हणजे कोणत्या झाडाला रोग करणारा उपप्रकार, सांगता येत नाही. लिंबाला खैऱ्या करणारा आणि डाळिंबाला तेल्या करणारा हे इतके जवळचे नातेवाईक आहेत की हा जीन दोघांना वेगळं करत नाही. डाळिंबावर टोचूनच बघावं लागेल.

24 जुलै

आज वेगळंच काही दिसलं.

स्टार्च अगरच्या प्लेटवर चौघांचे ठिपके लावले होते. तीन दिवसांनी आयोडीन ओतलं. प्लेट निळीकाळी झाली, आणि स-1, स-2, स-3 भोवती स्वच्छ पांढरट वर्तुळं उमटली. जिवाणूने अमायलेज बाहेर सोडलं, त्याने आजूबाजूचा स्टार्च खाल्ला, म्हणून तिथे निळा रंग नाही. स-4 भोवती काहीच नाही. कॉलनी तितकीच मोठी, तितकीच पिवळी, आणि निळं थेट तिच्या कडेपर्यंत.

पुन्हा लावलं. तेच. मग स्किम मिल्क अगर (प्रथिनं तोडणारं प्रोटिएज बघायला) आणि सीएमसीची, म्हणजे विरघळणाऱ्या सेल्युलोजची, प्लेट काँगो रेडने रंगवून (सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज बघायला). स-4 दोन्हीकडे कोरा.

एक एन्झाइम गेलं असतं तर म्हटलं असतं, त्याचा जीन बिघडला. तीन वेगवेगळी एन्झाइम्स, तीन वेगवेगळे जीन, एकदम कसे बिघडतील?

25 जुलै

मॅडमना प्लेट्स दाखवल्या. त्यांनी एकच विचारलं, "तयार होत नाहीत, की बाहेर येत नाहीत?" आणि लेक्चरला गेल्या. प्रकल्पाचा विषय ठरला.

एक नोंद राहिली: स-4 चा चिकटपणा शाबूत आहे. लूप लावला की नाकातल्या शेंबडासारखा ओढला जातो. हा चिकटा म्हणजे झँथन, पाच साखरांचा गट पुन्हा पुन्हा जोडून केलेली साखळी: दोन ग्लुकोज, दोन मॅनोज, एक ग्लुक्युरॉनिक आम्ल. आपण तो खातोही. सॉसच्या, आइस्क्रीमच्या वेष्टनावर 415 क्रमांक दिसला तर तो झँथन गम, याच कुळातल्या कोबीवरच्या जिवाणूपासून काढलेला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरियातल्या प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स आणि सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात तो शोधला. जिवाणूला तो हवा असतो कोरडेपणात तगायला आणि पानात पाणी धरून ठेवायला. तो वेगळ्या वाटेने बाहेर येतो. म्हणजे स-4 चं सगळंच बंद नाही.

2 ऑगस्ट

मॅडम पंचवटीतल्या जुन्या वाड्यात वाढल्या. आज फळ्यावर त्यांनी जिवाणू काढला तो वाड्यासारखाच, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा सगळं नीट बसलं. त्यांच्याच शब्दांत जमेल तेवढं लिहून ठेवते.

"हे बघ, आतल्या खोल्या म्हणजे सायटोप्लाझम. सगळा स्वयंपाक तिथेच. खोल्यांना दार आहे, तो आतला पडदा. दाराबाहेर चौक, तो पेरिप्लाझम. चौकात ती पातळ जाळी. आणि मग दिंडी दरवाजा, बाहेरचा पडदा. आता गंमत अशी की चौकात चूल नाही. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, फक्त आत. आणि दिंडी दरवाजाची प्रत्येक वीट आत भाजून, चौक ओलांडून नेऊन बसवायची."

बाहेरच्या पडद्याचा बाहेरचा थर लायपोपॉलिसॅकराइडचा. तो आतल्या पडद्यापासून बाहेर न्यायला एलपीटी नावाच्या सात प्रथिनांचा पूलच बांधलेला आहे. ताकद सगळी आतल्या टोकाची. मागून ढकललेला रेणू पुढच्याला ढकलतो. बाहेरच्या पडद्यातली पिंपासारखी पोकळ प्रथिनं बसवायला बीएएम नावाचं वेगळं यंत्र. हे थांबलं तर जिवाणू मरतो, म्हणून औषध शोधणाऱ्यांचं लक्ष आता इथे आहे.

प्रथिनांची वाट. बाहेर जायच्या प्रथिनाच्या शेंड्याला पत्ता लिहिलेला असतो, वीसेक अमिनो आम्लांचा. प्रथिनं आपला पत्ता अंगावर घेऊन फिरतात, या शोधाला ग्युंटर ब्लोबेल यांना 1999 चं नोबेल मिळालं. पत्ता बघून सेक नावाचं दार उघडतं आणि प्रथिन सुईत दोरा ओवावा तसं, उलगडलेलं, चौकात सरकतं. तिथे पत्ता छाटला जातो, प्रथिनाची घडी बसते, ते कामाचं होतं. अमायलेज, सेल्युलेज, प्रोटिएज ही सगळी अशीच चौकात येतात. मग दिंडी दरवाजातून त्यांना बाहेर काढतं ते टाइप टू, डझनभर प्रथिनांचं यंत्र. झँथोमोनासमध्ये त्याला एक्सपीएस म्हणतात. घडी घातलेलं अख्खं प्रथिन ते बाहेर काढतं.

"आणि एक चोरवाट आहे," मॅडम म्हणाल्या. टाइप थ्री. आतल्या खोलीतून निघून चौक, दिंडी दरवाजा, सगळं एका नळीत ओलांडून थेट शेजाऱ्याच्या घरात. हे यंत्र सालमोनेलातून सुटं काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा 1998 मध्ये पाहिलं गेलं. इंजेक्शनच्या सिरिंजसारखं दिसतं. माणसाच्या पेशीला भिंत नसते म्हणून सालमोनेलाची सुई आखूड. झाडाच्या पेशीला जाड भिंत असते, म्हणून वनस्पतींच्या जिवाणूंची नळी केसासारखी लांब वाढते, मायक्रोमीटरभर आणि जास्तही. त्या नळीतून तेल्याचा जिवाणू जी प्रथिनं डाळिंबाच्या पेशीत सोडतो त्यातलं एक झॉप-एन. ते पानाची राखण करणारी यंत्रणाच गप्प करतं.

तर प्रश्न असा: स-4 चा दिंडी दरवाजा अडकलाय का? आणि चोरवाट चालू आहे का?

11 ऑगस्ट

दुसरा प्रश्न आधी, कारण तो सोपा. कुंडीतल्या तंबाखूच्या पानात, मागच्या बाजूने, सुई काढलेल्या सिरिंजने जिवाणूंचं गढूळ पाणी दाबून भरलं. शिरांमधला रुपयाएवढा भाग ओला गडद झाला. चार कप्प्यांत चार आयसोलेट, पाचव्यात नुसतं पाणी. ही युक्ती हंगेरीच्या झोल्तान क्लेमेंट यांची, 1963 ची. तंबाखू डाळिंबाच्या जिवाणूचा यजमान नाही, म्हणून नळीतून आलेलं प्रथिन त्याच्या पेशी ओळखतात आणि स्वतःला मारून घेतात. आग पसरू नये म्हणून आपणच मधला पट्टा जाळून टाकावा तसं. नळी नसलेल्या जिवाणूने हे होत नाही.

12 ऑगस्ट

चोवीस तासांत चारही कप्पे पिचलेले, संध्याकाळपर्यंत कागदासारखे कोरडे. पाण्याचा कप्पा हिरवागार. स-4 सुद्धा! चोरवाट चालू आहे.

25 ऑगस्ट

मॅडमच्या सांगण्यावरून स-4 ला खूण करून घेतली. दाट कल्चर रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर पसरलं; चार दिवसांनी सात कॉलन्या तगल्या. आपोआप झालेलं म्युटेशन. त्यातली एक घेतली, नाव स-4 रि. ती अजूनही स्टार्चवर कोरी आहे, तंबाखू अजूनही वाळतो, वाढ तेवढीच, हे तिन्ही तपासलं. स-1 रिफाम्पिसिनवर मरतो. पुढे रोपांवर टोचल्यावर कोण कोणाचा हे यावरून कळेल.

ही रेझिस्टंट कॉलनी लॅबबाहेर जाता कामा नये. रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं. मी बागेतल्या घरची आहे, म्हणून मला हे जास्त लागतं. लॅबमधला अ‍ॅप्रन लॅबमध्येच, चपला वेगळ्या, प्रत्येक प्लेट 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय कचऱ्यात नाही.

परवा गणपती.

3 सप्टेंबर

पहिला प्रश्न. चौकातलं तेवढं बाहेर काढायची पद्धत 1965 ची, न्यू आणि हेपेल यांची. जिवाणू वीस टक्के साखरेच्या दाट पाण्यात ठेवायचे, सोबत ईडीटीए, म्हणजे बाहेरचा पडदा सैल होतो. मग सेंट्रिफ्यूज करून तो पाक टाकून द्यायचा आणि पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला जिवाणूंचा गोळा, एकदम बर्फाच्या पाण्यात. पाणी आत धावतं, सैल झालेला दिंडी दरवाजा गळतो, चौकातला माल बाहेर येतो. आतलं दार मात्र टिकतं. राहिलेल्या पेशी काचेच्या मण्यांबरोबर फोडल्या की आतल्या खोल्यांचा माल.

स्टार्च अगरमध्ये सहा मिलिमीटरच्या विहिरी पाडल्या. स-1 आणि स-4, प्रत्येकाच्या तीन: बाहेरचा ब्रॉथ (जिवाणू वाढले ते द्रावण), चौक, आत. रात्रभर ठेवल्या.

4 सप्टेंबर

स-1 च्या बाहेरच्या ब्रॉथभोवती मोठं वर्तुळ. बाकी पाचही विहिरी निळ्या. स-4 चा चौक रिकामा. रजिस्टरात लिहिलं: "स-4 मध्ये एन्झाइम तयारच होत नाही." फार वाईट वाटलं. दोन महिन्यांचा अंदाज चुकला असं वाटून संध्याकाळी गंगापूर रोडने होस्टेलपर्यंत चालत गेले, रिक्षा केली नाही.

9 सप्टेंबर

4 तारखेचं वाक्य खोडलं. मॅडमनी रजिस्टर वाचून विचारलं, "या पाण्यात एन्झाइम जगतं, हे तपासलंस?" नव्हतं तपासलं. आज स-1 चा ब्रॉथ, ज्याचं वर्तुळ खात्रीचं, तोच त्या पाकाच्या आणि बर्फाच्या पाण्यात मिसळून विहिरीत टाकला. वर्तुळ गायब!

कारण ईडीटीए. ते धातूचे आयन पकडून बसतं. बाहेरच्या पडद्याला मॅग्नेशियम-कॅल्शियम बांधून ठेवतात, म्हणून तर पडदा सैल होतो. पण अमायलेजलाही आकार टिकवायला कॅल्शियम लागतं. ज्या हाताने दार सैल केलं त्याच हाताने माल बिघडवला. त्याच मिश्रणात कॅल्शियम क्लोराइड घातलं आणि वर्तुळ परत आलं.

खोडलेलं वाक्य तसंच दिसत राहू दे.

16 सप्टेंबर

कॅल्शियमसह दुसरा प्रयत्न. वाया. सेंट्रिफ्यूज पुरेसं थंड झालं नव्हतं, पेशी फुटल्या. ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे फक्त आतल्या खोलीत असणारं एन्झाइम. ते चौकाच्या नमुन्यात सापडलं, 340 नॅनोमीटरवर रीडिंग सरसर चढत गेलं. म्हणजे आतलं दारही फुटलंय, चौकातलं काय नि आतलं काय, भेद उरला नाही. बाहेर धो धो पाऊस.

23 सप्टेंबर

रोटर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, नळ्या बर्फात, पाणी बर्फात. चौकाच्या नमुन्यात आतलं एन्झाइम जवळजवळ नाही. दार शाबूत.

24 सप्टेंबर

सकाळी सात वाजता लॅब उघडून घेतली. ऑटोक्लेव्हवाल्या काकांनी काही न विचारता किल्ली दिली. आयोडीन ओतलं आणि प्लेट खिडकीशी नेली.

स-1: बाहेर 19 मिलिमीटर, चौकात 9, आत काही नाही. स-4: बाहेर काही नाही, चौकात 16, आत 8.

चौक भरलेला आहे. एन्झाइम तयार होतंय, आतलं दार ओलांडतंय, घडी बसून कामाचं होतंय आणि दिंडी दरवाजाशी साचून राहतंय. तीन वेळा वेगवेगळ्या कल्चरवर केलं तरच खरं मानायचं, पण मी आज प्लेटचा फोटो आप्पांना पाठवला.

25 सप्टेंबर

दुसऱ्यांदा तेच. चौकात 15.

आज मॅडम शंभूनाथ डे यांच्याबद्दल बोलल्या. कॉलराचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये कोलकात्यात रुग्णांमधून वेगळा काढला. पण तो माणसाला मारतो कसा, हे पुढे पंचाहत्तर वर्षं धड कळलं नव्हतं. 1959 मध्ये कोलकात्यातच डे यांनी कॉलराचं कल्चर गाळलं, एकही जिवाणू नसलेलं पाणी सशाच्या आतड्यात घातलं आणि आतडं पाण्याने फुगलं. जिवाणू हजर नसताना रोग! तो जे बाहेर टाकतो ते पुरेसं होतं. ते विष पुढे ओळखलं गेलं: एक तुकडा आणि त्याला धरून पाचांचं कडं, जुळणी चौकात होते, आणि बाहेर काढतो तो टाइप टू. स-4 चं जे दार अडलंय तेच दार.

यात्रेच्या गर्दीत कॉलरा पसरल्याच्या कहाण्या गोदाकाठाला नव्या नाहीत. येत्या सिंहस्थाची कामं रामकुंडाकडे जाताना दिसतात. तेल्याचा जिवाणू माणसाचं काही करत नाही. पण दार दोघांचं एकाच घडणीचं, हे मला फार मोठं वाटतं. डे यांचं ते संशोधन साध्या सामानावर झालं होतं. आमच्याकडेही सामान साधंच आहे.

26 सप्टेंबर

तिसऱ्यांदा तेच. मग रोपं. भगव्याच्या गुटी कलमांची पंधरा रोपं, कॉलेजच्या बंद जाळीघरात. पाच स-1, पाच स-4 रि, पाच नुसतं पाणी. फवारून अठ्ठेचाळीस तास प्लास्टिकच्या पिशवीत झाकली, आत दमटपणा राहावा म्हणून. जिवाणू पर्णरंध्रातून आणि जखमांतून शिरतो, आणि पान ओलं असेल तरच.

6 ऑक्टोबर

स-1 च्या पाचही रोपांवर तेलकट ठिपके, उजेडाकडे धरले की तेच बागेतलं दृश्य. स-4 रि ची पानं स्वच्छ. पाण्याची स्वच्छ.

18 ऑक्टोबर

स-4 रि च्या दोन रोपांवर ठिपके, बावीस दिवसांनी. टाचणीच्या डोक्याएवढे, वाढत नाहीत. चोरवाटेतून पानाची राखण गप्प करता येते, पण पेशींची भिंत विरघळवणारी एन्झाइम्स मागे उभी नसतील तर जिवाणूला पसरायला जागा आणि अन्न मिळत नसावं. अपवाद एक: स-4 रि च्या तिसऱ्या रोपाच्या एका पानावर एकच ठिपका, बाकीच्यांच्या तिप्पट. ते पान खुणेची दोरी बांधून ठेवलं.

22 ऑक्टोबर, सटाणा

आज पाडवा. आप्पांना फोटो समोर बसवून समजावले, वाड्याचंच चित्र काढलं वहीत. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, "मग हे दारच बंद करायचं औषध नाही का?" मला इतका आनंद झाला! हाच प्रश्न जगात लोक विचारतायत. जिवाणूला न मारता त्याची नळी बंद पाडणारे रेणू सापडलेले आहेत, लॅबमध्ये चालतात. बागेत फवारण्यासारखं आज दुकानात काही नाही, हेही सांगितलं. खोटी आशा देणार नाही.

बोलणं स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकवर आलं. ते पडद्याला किंवा दाराला हात लावत नाही. आत शिरून प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला धरतं. त्या रायबोसोमच्या एका प्रथिनात एक अक्षर बदललं की औषध लागू पडत नाही, आणि कोट्यवधी जिवाणूंत ते एक अक्षर कुठेतरी बदललेलं असतंच. रिफाम्पिसिनच्या प्लेटवर माझ्या हातांनी सात कॉलन्या उगवल्यात, ते मी पाहिलंय. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला तो याच काळजीने, कारण हीच औषधं माणसालाही लागतात. आप्पा गप्प राहिले. मग म्हणाले, कात्री झाडागणिक बुडवायची ना, ते सांग, ते मी करतो. बादलीत हायपोक्लोराइट, प्रत्येक झाडानंतर कात्री आत. छाटलेलं सगळं जाळायचं, बांधावर ढीग ठेवायचा नाही. शेजारच्या काकांनाही त्यांनी लगेच फोन लावला.

29 ऑक्टोबर

दोरी बांधलेल्या पानातला मोठा ठिपका वाटून प्लेटवर स्ट्रीक केला. शेजारच्या छोट्या ठिपक्यांचाही.

3 नोव्हेंबर

छोट्या ठिपक्यांतल्या वीस कॉलन्या: स्टार्चवर सगळ्या कोऱ्या. मोठ्या ठिपक्यातल्या वीस: एकोणीसांना वर्तुळ!

पहिला विचार: स-1 चा शिंतोडा उडाला. जाळीघर एकच, पाणी घालायचा झारा एकच. मॅडमनाही तेच वाटलं. पण खूण आहे. रिफाम्पिसिनच्या प्लेटवर एकोणीस ठिपके लावले, शेजारी स-1 आणि स-4 रि.

6 नोव्हेंबर

स-1 उगवला नाही. स-4 रि उगवला. एकोणीसच्या एकोणीस उगवल्या.

त्या स-4 च्याच आहेत. पानात असताना त्यांचं दार पुन्हा उघडलं. मॅडम म्हणतात, एखादा उडता डीएनए, ज्याला इन्सर्शन सिक्वेन्स म्हणतात, स्लँटवरच्या दोन वर्षांत एक्सपीएसच्या एखाद्या जीनमध्ये बसला असेल आणि इथे निसटला असेल. झँथोमोनासमध्ये असे पुष्कळ असतात. किंवा एकच अक्षर बदललेलं परत बदललं असेल. फ्रिजमधल्या स्लँटवर आयतं अन्न होतं, दार बंद असून काही बिघडत नव्हतं. पानात मात्र ज्या एकाचं दार उघडलं, त्याच्या पोरांनी ठिपका भरून टाकला.

एकोणीसातल्या तीन कॉलन्यांचा चौक पुढच्या आठवड्यात तपासायचा: तो रिकामा व्हायला हवा. स-1, स-4, स-4 रि आणि ही नवी, चौघांचा डीएनए काढून एक्सपीएसचे जीन वाचायला पाठवायचे. नवीला नाव दिलं स-4 उ. आज चौघांच्या ग्लिसरॉल नळ्या भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या, प्रत्येकीवर तारीख आणि किती वेळा उतरवलं ते लिहून. रोपं मुळासकट ऑटोक्लेव्ह केली, दोरी बांधलेलं पान तेवढं दाबून वहीत ठेवायचं होतं, पण तेही त्यांच्याबरोबर गेलं. त्याचा फोटो आहे.